मतदार-यादी कोण वाचतो?

खळ्यावर धान्याची रास पडली म्हणजे कुणबी रात्रभर राखण करितो. अंगावर घोंगडे घेऊन राशीशेजारी पडतो, कुत्रे भुंकले तरी उठून बसतो. पण सकाळी माप घालतेवेळी मापाऱ्याच्या हाताकडे त्याचे लक्ष नसेल, तर रात्रीची सारी राखण फुकट जाते. चोराने जे नेले नाही ते मापात जाते. आमच्या गावांतील निवडणुकांची गत हीच झाली आहे. मतदानाच्या दिवशी पोलीस येतात, बोटाला शाई लागते, यंत्राला मोहोर लागते, प्रत्येक उमेदवाराचा माणूस डोळ्यांत तेल घालून बसतो. राखण चोख असते. परंतु मताची चोरी पुष्कळदा त्या दिवसाच्या कितीतरी आधी झालेली असते. ती भर उजेडी होते, कागदोपत्री होते, आणि बहुत करून परक्याच्या हातून होत नाही. ती आपल्याच भावकीतल्या, आपल्याच आळीतल्या माणसाच्या हातून होते.

हे लिहिताना आम्ही कोणा एका पक्षाकडे बोट दाखवीत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात, ज्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, आज ह्या झेंड्याखाली उभा असलेला उद्या त्या झेंड्याखाली दिसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. सबब पक्षांचा हिशेब बाजूस ठेवून आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंपुढे एकच प्रश्न ठेवतो. तुमच्या गावची मतदार-यादी तुम्ही कधी पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचली आहे काय? सातबारा तलाठ्याकडून आणून चार जणांकडून वाचून घेता, कारण त्यात जमीन आहे. यादीत काय आहे? यादीत तुमची पाणीपट्टी आहे, वस्तीचा रस्ता आहे, शाळेची भिंत आहे, घरकुलाचा नंबर आहे. मग ती वाचण्याचा कंटाळा का?

मत ही वस्तू आमच्या घरात कशी आली, हे जुन्या माणसांनी सांगितले नाही म्हणून आज तिची किंमत कळत नाही. १९१९ च्या सुधारणा कायद्याप्रमाणे मुंबई इलाख्याच्या कौन्सिलसाठी खेड्यातल्या माणसाला मत हवे असेल, तर बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये आकाराची जमीन लागे. नगरच्या कोरडवाहू मुलखात एवढा आकार भरणारे गावात असे कितीसे असणार? १९३५ च्या कायद्याने ही अट ८ रुपयांवर आली. तरी ज्या सुताराच्या, कुंभाराच्या, चांभाराच्या नावावर वीतभर जमीन नव्हती तो बहुधा दाराबाहेरच राहिला. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मतदानाचा हक्क मागितला, तेव्हा अडाण्याच्या हाती मत म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, असे म्हणणारे शहाणे ह्या देशात थोडे नव्हते. १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि आकार, घरपट्टी, शिक्षण ह्या साऱ्या अटी एका झटक्याने गेल्या. २१ वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषास मत मिळाले. १९८९ साली ही वयाची अट १८ वर आली. म्हणजे मालकाच्या मताचे आणि त्याच्या सालगड्याच्या मताचे वजन तराजूत सारखे झाले. असा दुसरा कोणताही तराजू गावात नाही.

परंतु हक्क घटनेत लिहिला म्हणून तो हाती आला असे होत नाही. मध्ये यादी असते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून काढून टाकावी लागली. कारण काय? यादी करणारा दारात आला तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. ह्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या प्रांतांतल्या होत्या, हे खरे. पण कायद्याने दिलेले मत एका कोऱ्या रकान्यामुळे गेले, ही गोष्ट आमच्या मायबहिणींनी गाठीस बांधून ठेवावी अशी आहे.

आता आपल्या गावच्या यादीकडे या. तिच्यात चार तऱ्हेची नावे सापडतील. पहिली तऱ्हा मेलेल्यांची. म्हातारा वारला, त्याच्या तेराव्याचे जेवण गावाने केले, वारसाने जमिनीवर आपले नाव लावून घेतले, पण यादीतून म्हाताऱ्याचे नाव काढण्याची आठवण कोणास झाली नाही. मग मतदानाच्या दिवशी चार वाजता, गर्दी विरळ झाली म्हणजे, म्हातारा येतो आणि मत देऊन जातो! पिंडाला कावळा शिवला की नाही ह्याची एवढी काळजी करणारे आपण, त्याच्या नावाला कोण शिवतो ह्याची काळजी करीत नाही.

दुसरी तऱ्हा दोन ठिकाणच्या नावांची. पारनेर, संगमनेर, अकोले ह्या तालुक्यांतली हजारो माणसे पोटासाठी मुंबई-पुण्यास गेली. तेथे शिधापत्रिका झाली, तेथल्या यादीत नाव लागले, आणि गावचेही राहिले. गावाची ओढ आम्ही समजू शकतो. पण कायदा स्पष्ट आहे: एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी, आणि एकाच वेळी. निवडणूक आली की पुढाऱ्याच्या खर्चाने गाड्या भरून हे मतदार येतात, रात्री ढाब्यावर जेवतात, सकाळी मत देतात आणि संध्याकाळी परत जातात. पाच वर्षे गावच्या नळाचे पाणी ज्यांना प्यायचे नाही, ते नळाचा निकाल लावून जातात. मतदारांना उमेदवाराने फुकट वाहनातून आणणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्टाचार गणलेला आहे, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. २०२५ च्या अखेरीस नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या तेव्हा राज्य निवडणूक आयोगाला यादीतील संभाव्य दुबार नावांपुढे दोन-दोन तारे छापावे लागले, आणि अशा मतदाराकडून तो कोठे मत देणार हे लिहून घेण्याची व्यवस्था करावी लागली. त्याआधी १ नोव्हेंबर २०२५ रोजी ह्याच यादीच्या प्रश्नावर विरोधी पक्षांनी मुंबईत मोर्चा काढला होता. यादीत पाणी मुरते आहे ह्याची इतकी साक्ष पुरे आहे.

तिसरी तऱ्हा लेकी-सुनांची. लेक सासरी गेली. माहेरचे नाव निघाले नाही, सासरी नवे लागले, तर ती नकळत दुबार ठरते. किंवा माहेरचे निघाले आणि सासरी लागलेच नाही, तर ती कोठलीच राहत नाही. सून घरात आली की तिचे नाव शिधापत्रिकेत घालण्यास सासू घाई करते, कारण तेथे धान्याचा प्रश्न आहे. यादीतले नाव मात्र पुढल्या साली बघू, असे म्हणून राहून जाते.

चौथी तऱ्हा आम्हांस सर्वांत जास्त दुःख देते. ती जी नावे असावयास हवी आणि नसतात, त्यांची. पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या भागांतून दिवाळीच्या सुमारास उसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, मुकादमाची उचल घेतलेली असते, घराला कुलूप लागते, आणि चैत्र-वैशाखापर्यंत संसार फडावर असतो. यादी तपासणारा त्या दिवसांत आला तर त्यास कुलूप दिसते. शेजाऱ्याने म्हटले, 'गेले कोठे तरी', की नावापुढे 'स्थलांतरित' अशी रेघ पडण्याचे भय असते. १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यातील १४,२३४ ग्रामपंचायतींच्या निवडणुका ठरल्या होत्या. भर गळिताच्या दिवसांत! टोळीवरच्या माणसाने मत द्यावयाचे तर मुकादमाने ट्रक द्यावा. आणि ज्याने ट्रक दिला त्याच्या शब्दाबाहेर मत कसे जाणार? ज्याची उचल फिटली नाही त्याचे मतही उचलीत गहाण पडते. हा गहाणखताचा प्रकार कोठल्याही कागदावर नाही, पण सावकारी जप्तीपेक्षा तो कमी नव्हे.

आता यादीचे यंत्र कसे चालते तेही ऐका, कारण बहुतेक जण येथेच फसतात. ग्रामपंचायतीची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेची जी यादी असते तीच घेऊन तिचे प्रभागवार तुकडे पाडतात. हे तुकडे चावडीवर प्रसिद्ध होतात तेव्हा हरकती मागवितात खऱ्या. पण त्या हरकती कशाच्या? नाव भलत्या प्रभागात गेले, विधानसभेच्या यादीत असून येथे गळले, किंवा लिहिताना चूक झाली, एवढ्यापुरत्याच. नवे नाव घालणे किंवा मूळचे नाव उडविणे त्या वेळी होत नाही. म्हणजे गावात निवडणुकीचा वास सुटतो, पोरे मोटारसायकली उडवू लागतात, तेव्हा यादीचे दार आतून बंद झालेले असते. ज्यास हे कळते तो आधीच्या वर्षीच आपली माणसे आत घालून बसतो. ज्यास कळत नाही तो मतदानाच्या दिवशी चिठ्ठी हातात घेऊन केंद्राच्या दारात भांडतो. पाऊस पडून गेल्यावर बांध घालणाऱ्याला काय म्हणावे?

प्रभागाच्या तुकड्यांकडेही नीट पाहावे. ग्रामपंचायतीच्या एका प्रभागात मते ती किती? काही शेकडे. दहा-पंधरा घरे ह्या प्रभागातून त्या प्रभागात सरकली की निकाल सरकतो. मते समसमान झाली तर चिठ्ठी टाकून निकाल लागतो. जेथे एका मताने पाच वर्षे फिरतात, तेथे एक मेलेला म्हातारा आणि एक मुंबईकर पुतण्या ह्यांची किंमत काय होते, ते तुम्हीच मोजा.

यादीचा हा प्रश्न गावापुरता राहिलेला नाही. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत विरोधी पक्षनेते राहुल गांधी यांनी आमच्याच जिल्ह्यातील शिर्डी मतदारसंघाचे नाव घेतले, आणि एका इमारतीत सुमारे ७,००० नवी नावे लागली, असा आरोप केला. सत्ताधारी पक्षाने तो फेटाळला. चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा मतदारसंघात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी नावे घालण्यासाठी हजारो खोटे अर्ज आल्याचे उघड झाले आणि पोलिसांत गुन्हा नोंदविण्यात आला. सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर २०२४ मध्ये यंत्राच्या निकालावर विश्वास न ठेवता कागदी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याचा बेत केला. सरकारने जमावबंदी लावली आणि तो बेत सोडून द्यावा लागला. ह्यांतील कोणाचे खरे नि कोणाचे खोटे, ह्याचा निवाडा करण्यास आम्ही बसलो नाही. आम्हांस दिसते ते इतकेच की, लोकांचा विश्वास उडू लागला आहे. आणि विश्वास उडाला म्हणजे लबाडाचे आयतेच फावते. कारण मग 'सगळेच चोर' असे म्हणून भला माणूस घरी बसतो आणि लबाड रांगेत पहिला उभा राहतो. दिल्लीची खरी-खोटी आपण येथे बसून करू शकत नाही. पण आपल्या केंद्रावरच्या हजार-बाराशे नावांची खरी-खोटी करण्यास दिल्लीचा हुकूम लागत नाही. गावात कोण राहतो, कोण मेला, कोण परगावी गेला, हे गावाइतके कोणास ठाऊक?

यादीत चोरी होते तशीच दुसरी एक चोरी आहे, आणि तिला आपण मोठ्या कौतुकाने 'बिनविरोध' म्हणतो. नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुक्यात उमराणे नावाचे कांद्याच्या बाजाराचे गाव आहे. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीपूर्वी तेथे सरपंचपदाचा लिलाव बोलला गेला. बोली २ कोटी ५ लाखांवर गेली. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी गावी अशीच बोली ४२ लाखांपर्यंत गेली. पैसा देवळासाठी आहे, असे सांगण्यात आले. बोलीची चित्रे लोकांच्या फोनवर फिरली, बोभाटा झाला, आणि १३ जानेवारी २०२१ रोजी, मतदानाला दोन दिवस राहिले असता, राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. आयोगाने केले ते योग्यच केले. पण आमच्या मनात प्रश्न येतो तो असा की, जेथे कोणी चित्र काढले नाही, जेथे बोली बंद दाराआड बोलली गेली, तेथे काय झाले असेल?

देवाचे नाव पुढे केले की आपल्या लोकांची जीभ टाळ्याला चिकटते. आम्ही देवळाच्या विरुद्ध नाही. ज्याला देऊळ बांधावयाचे त्याने आपल्या मिळकतीतून खुशाल बांधावे. पण २ कोटी देऊन जो सरपंच होतो, तो ते २ कोटी कोठून भरून काढणार? ग्रामपंचायतीच्या रस्त्यातून, गटारातून, नळाच्या पाइपातून, रोजगार हमीच्या हजेरीपटातून. म्हणजे देऊळ त्याने बांधलेच नाही; ते तुमच्याच पैशाने बांधले गेले, आणि कोनशिलेवर नाव त्याचे लागले.

सारेच बिनविरोध वाईट असे आमचे म्हणणे नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने सुमारे ३० वर्षे निवडणूक लढविली नाही. ती गोष्ट लिलावाची नव्हती. पाणी अडविले, कुऱ्हाडबंदी-चराईबंदी पाळली, त्या कामातून ती एकजूट आली होती. पण त्याच गावात जानेवारी २०२१ मध्ये मतदान झाले. पोपटराव पवारांच्या पॅनेलच्या सर्व जागा निवडून आल्या. मतदान झाले म्हणून गावाचे पाणी आटले नाही. उलट लोकांचा जो विश्वास होता त्यावर लोकांच्याच हाताची मोहोर बसली. चांगल्या कारभाऱ्याने मतपेटीला भिण्याचे कारण नाही, हा धडा आम्ही हिवरे बाजाराकडून घेतो.

ह्याच्या उलट, त्याच २०२० च्या अखेरीस पारनेरच्या त्या वेळच्या आमदारांनी, जे गाव बिनविरोध निवडणूक करील त्यास २५ लाखांचा निधी, असे जाहीर केले. इतर ठिकाणीही अशी बक्षिसे बोलली गेली. हेतू भांडणे टाळण्याचा असेल. पण विकासाचा पैसा हा आमदाराच्या घरचा नव्हे. तो सर्व गावांचा आहे. मतदान करणाऱ्या गावास कमी आणि न करणाऱ्यास जास्त, हा कोणता न्याय? आणि बिनविरोध ठरते कोठे? चावडीवर, पारावर, सर्वांच्या देखत. तेथे बोलतो कोण? ज्याच्या भावकीची दोनशे मते आहेत तो. ज्याचे गावात एकच घर आहे असा लोहार, मळ्यात राहणारा सालगडी, वाटेकरी, नवऱ्यामागे राहिलेली बाई, ह्यांनी पाटलाच्या तोंडावर 'मला हा माणूस नको' असे म्हणावे, हे तुम्ही कधी ऐकले काय? त्याला दुसऱ्या दिवशी त्याच पाटलाच्या विहिरीवर पाणी भरावयाचे असते. त्याचे तोंड चावडीवर बंद असते. ते फक्त मतदानाच्या पडद्याआड उघडते. गुप्त मत हे त्या एकट्या घराचे शस्त्र आहे. चावडीवरचा सक्तीचा बिनविरोध त्याच्या हातून नेमके तेच काढून घेतो. महाराष्ट्रात २०१८ सालापासून स्थानिक निवडणुकांत 'वरीलपैकी कोणीही नाही' ह्यास सर्वांत जास्त मते पडली तर फेरनिवडणूक घ्यावी असा आयोगाचा आदेश आहे. पण मतदानच झाले नाही, तर तो नकाराचा बटण दाबावयाचा कोठे?

पाकिटाविषयी आम्ही थोडक्यात लिहितो, कारण सर्वांस ते ठाऊक आहे. समजा, एका मतास २,००० रुपये मिळाले. पाच वर्षांचे दिवस १,८२६. दिवसाला एक रुपया आणि नऊ-दहा पैसे पडले. एवढ्यात चहाचा अर्धा कपही येत नाही. ह्या भावाने आपण शाळा, दवाखाना, रस्ता आणि बोलण्याचा हक्क विकतो. बैल विकताना दात पाहतो, चार बाजार फिरतो, दलालाशी हातरुमालाखाली बोटांची भाषा करतो. मत विकताना मात्र पहिल्याच गिऱ्हाइकाला देऊन मोकळे! भारतीय न्याय संहितेप्रमाणे निवडणुकीत लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, आणि शिक्षा एक वर्षापर्यंत कैदेची आहे. दुसऱ्याच्या नावावर मत देणाऱ्यासही तशीच शिक्षा आहे. गरिबाने गरजेपोटी हात पुढे केला तर आम्ही त्यास दगड मारणार नाही. पण घेतल्या पैशाचे इमान पाळावे लागते ही जी समजूत आहे, ती मात्र सोडा. लाचेचे इमान नसते. इमान असते ते आपल्या लेकरांशी.

कोणी म्हणेल, अन्याय झाला तर न्यायालय आहे. आहे खरे. आमच्याच जिल्ह्याने ह्या बाबतीत देशाला नमुना दिला आहे. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत अहमदनगर मतदारसंघातून यशवंतराव गडाख निवडून आले. पराभूत झालेले बाळासाहेब विखे पाटील यांनी दावा लावला. प्रचारात प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्याविषयी खोटी विधाने केली गेली, ह्या कारणावरून उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरविली आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द करणे कायम केले. १९९४ साली पोटनिवडणूक घ्यावी लागली. हा निकाल कायद्याच्या पुस्तकांत आजही वाचला जातो. पण ध्यानात घ्या: दोन्ही बाजू तालेवार होत्या, उत्तम वकील होते, तरी निकालास दोन वर्षांवर काळ लागला. ज्याचे नाव कोणी यादीतून पुसले, त्या उसतोड्याने कोणत्या वकिलाकडे जावे? ग्रामपंचायतीच्या निवडणुकीविरुद्ध अर्ज करावयाचा तर निकालापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशाकडे करावा लागतो. पंधरा दिवस तर गुलाल धुण्यात जातात. म्हणून आम्ही म्हणतो, कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा चावडीची पायरी आधी चढा.

ती कशी चढावी? वर्षातून एक दिवस नेमा. गावच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा परगावची माणसे घरी आलेली असतात, किंवा टोळ्या परतल्यावर पेरणीआधी. पारावर सर्वांनी बसावे, यादी आणावी. ती निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, आणि गावच्या बीएलओकडेही असते. शिकलेल्या पोराने किंवा पोरीने ती मोठ्याने वाचावी. प्रत्येक नावाला गावाने हुंकार द्यावा: 'आहे', 'वारले', 'सासरी गेली', 'मुंबईस असतो'. जे आहेत आणि यादीत नाहीत त्यांचा नमुना ६, जे वारले किंवा कायमचे गेले त्यांचा नमुना ७, ज्यांचे घर बदलले किंवा नाव चुकले त्यांचा नमुना ८, असे अर्ज तेथेच बसून भरावे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरून १८ वर्षे पूर्ण होणाऱ्यांची नावे घेतात. म्हणजे पोरगा वयात आला तर वर्षभर थांबण्याची गरज नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. नमुना ७ हा नांगराच्या फाळासारखा आहे. तण काढतो तसे पीकही कापतो. भावकीच्या वैरातून, विरुद्ध पार्टीचा म्हणून, किंवा पारध्याचे पाल गावाला नको म्हणून, जिवंत माणसाचे नाव उडविण्यास तो वापरला जाऊ नये. खोटे लिहून देणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. शंका असेल तेथे नाव राहू द्यावे. उसतोडीला गेलेला माणूस गाव सोडून गेलेला नसतो. त्याचे घर, त्याची म्हातारी, त्याची शेळी गावातच असते. टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक कोयत्याने बीएलओस आपले नाव व परतण्याचा महिना सांगून जावा, आणि शेजाऱ्याने त्याच्या कुलपाची साक्ष द्यावी.

मतदानाच्या दिवसापुरत्याही दोन गोष्टी सांगून ठेवतो. विधानसभा-लोकसभेच्या नियमांत अशी सोय आहे की, केंद्रात बसलेल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीस समोरचा माणूस तोतया वाटला, तर २ रुपये भरून तो हरकत घेऊ शकतो आणि केंद्राध्यक्षास चौकशी करावी लागते. दोन रुपयांत तोतया अडतो. मात्र दोन रुपये काढण्याची छाती हवी. दुसरे, तुमच्या आधी कोणी तुमच्या नावावर मत देऊन गेला असेल, तर रडत घरी जाऊ नका. ओळख पटवून प्रदत्त मतपत्रिका मागा आणि तिच्यावर मत द्या. ती नेहमीच्या मोजणीत येत नाही; पण न्यायालयापुढे ती पुरावा होते. चोरी झाली ही गोष्ट निदान कागदावर राहते.

पूर्वी आमच्या आजा-पणजांना म्हणता येत असे की, आम्हांस मतच नाही, आम्ही काय करावे? ३२ रुपयांचा आकार नव्हता, म्हणून ते दाराबाहेर उभे राहिले. आज आपण दाराच्या आत आहोत. आता यादीत मेलेले ठेवणारा, उसतोड्याला उडविणारा, पदाची बोली बोलणारा, पाकीट वाटणारा बहुत करून आपल्यातलाच आहे; आपल्याच पंगतीला बसतो, आपल्याच लग्नात अक्षता टाकतो. परक्याशी लढणे त्या मानाने सोपे होते. आपल्या माणसाला, 'दादा, हे नाव चुकीचे आहे, हे काढ,' असे चार लोकांत म्हणणे जड जाते. पण ते म्हटल्याशिवाय सुटका नाही.

ही जत्रा होऊन गेली की दुसऱ्या दिवशी पारावर बसा. यादी आणा. पहिले नाव वाचा.